म्हशीचा मूरघास

एका जंगलाच्या कडेला एक म्हैस आपल्या रेडकासह राहत असे. पावसाळ्यात तिथे गवत गुडघाभर वाढे, पण उन्हाळ्यात औषधालाही हिरवी काडी मिळत नसे. मागच्या उन्हाळ्यात तर म्हशीचे दूध आटले आणि रेडकू मरतामरता वाचले. म्हणून एका म्हाताऱ्या बैलाने तिला आणि शेजारच्या शेळीला मूरघास शिकवला. "हिरवा चारा बारीक करून खड्ड्यात भरा, तुडवून दाबा, वरून मातीने लिंपा. दोन महिने तो आत मुरू द्या. वारा शिरला तर घात होईल!"

शेळीने खड्डा लिंपला आणि ती आपल्या कामाला लागली. म्हशीला मात्र दम कुठला! ती रोज सकाळी शिंगाने मातीला भोक पाडून वास घेई आणि भोकावर पालापाचोळा लोटून देई. "नुसतं बघितल्यानं काय जातंय?" असे वर रेडकालाच विचारी.

बघता बघता उन्हाळा आला. म्हशीने मोठ्या हौसेने खड्डा उकरला. आत सगळा काळा चिखल! वर पांढरी बुरशी आणि नाक फाटेल असा दर्प. मुलांनो, तिच्या तोंडून शब्द फुटला तो भलताच! "या शेळीनंच माझा खड्डा फोडला! चोरटी कुठली!"

आरडाओरडा ऐकून बैल आणि शेळी धावत आले. बैलाने उकरून पडलेल्या मातीच्या खपल्या निरखून पाहिल्या. त्यांच्यात भोकेच भोके होती. "म्हशीबाई, यात तुमचं शिंग घाला बघू."

शिंग अगदी नेमके बसले. म्हैस म्हणाली, "अगं बाई! पण भोकं तर एवढीएवढीशी होती!"

"वाऱ्याला दार केवढं लागतं?" बैल म्हणाला.

इतक्यात रेडकू भुकेने हंबरले. म्हशीला ब्रह्मांड आठवले. शेळी आपल्या खड्ड्याकडे गेली. तिने माती बाजूला केली तसा ताकासारखा आंबूस, गोडसर वास दरवळला. "चल गं, तूही खा," ती म्हणाली. "तू खाल्लंस तर लेकराला दूध मिळेल."

म्हैस खाली मान घालून खात राहिली. तो घास तिला गोड लागला, पण जिला चोरटी म्हटले तिचाच तो होता.

तात्पर्य : मुरायला ठेवलेली गोष्ट नासायला चोर लागत नाही, उतावीळ धनी पुरतो.