साळुंकीचा लगाम

“यातलं तिला न बोचणारं कुठलं, तेवढं सांगा की बाबा!”

शिदोजीने जमिनीवर फडकं पसरलं आणि त्यावर सहा कडियाळी मांडली. लगामाचं जे लोखंड घोडीच्या तोंडात जातं, ते कडियाळं. एक बारीक, एक जाड, एक मधोमध सांध्याचं, एक साखळीचं, एक पितळेचं. सहावं त्याने मुद्दाम कातड्यात गुंडाळून घेतलं होतं. अगदी उशीसारखं.

लाडखान फकीर चिंचा सोलत बसले होते. ते सोलत राहिले.

फकिरी घेण्याआधी लाडखान चाबुकस्वार होते. चाळीस वर्षं त्यांनी कोऱ्या घोड्यांना स्वार घ्यायला शिकवलं. आता नीरेच्या काठावर, एका पिराच्या कबरीपाशी राहत. शिदोजी शिलेदार, स्वतःची घोडी घेऊन पथकात चाकरी करणारा. त्याच्यासारखा बसणारा पथकात दुसरा नाही, असं लोक म्हणत. शिदोजीलाही ते पटत असे.

पण महिनाभर त्याची साळुंकी डोकं उडवत होती. लगाम दिसला की दात आवळून धरी. परवा तिच्या फेसात रक्त दिसलं. घोडी-स्वारांची पाहणी, म्हणजे हजिरी, आठ दिवसांवर आली होती, आणि सरदारांनी स्पष्ट सांगितलं होतं... घोडी सरळ चालत नसेल तर काढून टाक, दुसरी आण.

दुसरी! साळुंकीला त्याने शिंगरू असल्यापासून वाढवलं होतं.

“तिच्या तोंडात किती दात?” लाडखानांनी विचारलं.

“वयाने नऊ वर्षांची आहे ती.”

“वय नाही विचारलं. पुढचे दात संपले की पुढे काय येतं?”

“मागचे दात.”

“लगेच?”

शिदोजीची पंधरा वर्षं खोगिरावर गेली होती, आणि हे त्याला ठाऊक नव्हतं.

लाडखानांनी चिंचेचे हात धुतले. “ओठाच्या कोपऱ्यातून अंगठा घाल. भिऊ नकोस, तिथं ती चावू शकत नाही.”

त्याने अंगठा घातला... आणि तसाच उभा राहिला. आत दात नव्हतेच. चार बोटं रुंद अशी मोकळी जागा होती, दोन्ही बाजूंना सारखी. नुसती हिरडी. ओली, गरम, आणि इतकी पातळ की खालचं हाड बोटाला लागत होतं.

“कडियाळं इथं बसतं?”

“इथंच.”

“दातांवर नाही?”

शिदोजीने अंगठा जरा पुढे सरकवला. एका जागी साळुंकी थरथरली. तिथं वाटाण्याएवढी जखम होती. अंगठा झटकन मागे आला.

“आता जीभ बघ.”

जीभ चांगली जाडजूड होती. टाळूला जाऊन टेकत होती. तोंडात मोकळी जागा म्हणून उरलीच नव्हती. शिदोजी वाकून आत बघत राहिला, जशी कुणी आपल्याच घरातली आजवर न उघडलेली खोली बघावी.

“तुझी ती उशी हिच्या तोंडात घातलीस,” लाडखान म्हणाले, “ती मावणार कुठं?”

“मला वाटलं, जाड तेवढं मऊ.”

“तुझ्या हाताला मऊ.”

त्यांनी एक काडी साळुंकीच्या तोंडात आडवी धरली, ओठांच्या दोन्ही कडांशी नखाने खूण केली, आणि ती काडी एकेका कडियाळ्याला लावून पाहिली. चार कडियाळी बाजूला पडली. उरलेल्या दोनांवरून त्यांनी डोळे मिटून अंगठा फिरवला. मग बेताच्या जाडीचं, घासून गुळगुळीत झालेलं सांध्याचं कडियाळं उचललं. तळहातात धरून ऊब दिली.

“जखम भरेपर्यंत हिच्या तोंडात काही घालू नकोस. हळद-तूप लाव. पाच दिवसांनी ये. गालावरच्या वाद्या अशा बांध, की ओठाच्या कोपऱ्याला एकच सुरकुती पडेल. दोन नाहीत.”

शिदोजीचा चेहरा उजळला. “म्हणजे दोष लोखंडाचाच होता!”

लाडखानांनी पुन्हा चिंच उचलली...

पाचव्या दिवशी तो आला. जखम भरली होती. साळुंकीने कडियाळं मुकाट्याने घेतलं. शिदोजी चढला. चालीला घोडी सुरेख चालली. दुडकीलाही बरी. काठाकडे वळताना मात्र तिने मान उडवली आणि तोंड वासलं.

तो उतरला. लगाम काढून लाडखानांच्या पुढ्यात टाकला.

“हेही नाही, बाबा. सातवं बघा.”

लाडखान उठले. त्यांनी कडियाळं रांजणातल्या पाण्याने धुतलं, पुसलं आणि स्वतःच्या बोळक्या तोंडात घेतलं. लगामाच्या वाद्या दोन्ही खांद्यांवरून मागे सोडल्या.

“बाबा! हे काय?”

म्हाताऱ्याने हातानेच खुणावलं. धर.

“मी नाही धरणार. तुम्ही मला वडिलांच्या जागी...”

लाडखान चालू लागले. वाद्या मातीत घासत निघाल्या. शिदोजीने धावत जाऊन त्या उचलल्या.

आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपल्या हातांची भीती वाटली.

तो श्वास धरून चालला. उजवीकडे न्यावं असं मनात आलं, तेवढ्यात करंगळी किंचित मिटली असावी. म्हातारा उजवीकडे वळला. शिदोजीने आपल्या बोटांकडे पाहिलं. ओढलं तर नव्हतं... त्याने डावी करंगळी मिटून पाहिली. म्हातारा डावीकडे वळला. त्याला हसू फुटलं. पुन्हा उजवीकडे. पुन्हा डावीकडे. या खेळात किती चाललो याचं भानच राहिलं नाही.

मग त्याने समोर पाहिलं. नीरेचा कडा आला होता. खाली दोन माणसांच्या उंचीएवढ्या खोलीवर खडक. लाडखानांचे डोळे मिटलेले होते आणि पावलं थांबत नव्हती.

शिदोजीचे खांदे ताठले. कोपर मागे खेचलं जाणार... पण पुढे ती हिरडी होती.

त्याने खांदे सोडले. पाय रोवले. आणि नुसती बोटं मिटली, ओल्या फडक्यातलं पाणी हलकेच पिळावं तशी.

लाडखान थांबले. कडा एक पाऊल पुढे होता.

त्यांनी कडियाळं तोंडातून काढलं, बाहीने पुसलं आणि शिदोजीच्या हातात दिलं. ओठावर कुठं ओरखडाही नव्हता. शिदोजी मटकन खाली बसला. त्याच कडियाळ्यावर पुढे तो साळुंकीवर अकरा वर्षं बसला, आणि त्या हजिरीत ती सरदारांसमोरून पाण्यासारखी गेली. पण त्या घडीला त्याला हजिरी आठवत नव्हती.

“बाबा,” त्याने विचारलं, “मी वेळेवर थांबवलं नसतं तर?”

लाडखानांनी साळुंकीकडे पाहिलं. ती लांब उभी राहून गवत चघळत होती.

“ती तर माझ्यापेक्षा कितीतरी जोरात पळते,” ते म्हणाले. “तिनं कधी विचारलं का तुला हे?”