एकाच सेकंदातली दुरुस्ती

एका गावात अंध मुलांसाठी ब्रेल पुस्तकं छापणारा छापखाना होता. इंदुताई तिथे मजकूर टाइप करत. त्यांनी पान सेव्ह केलं की ते मोठ्या संगणकात जाई आणि शेजारच्या खोलीत दिगंबरकाकांच्या संगणकावर लगेच उघडे. काका अंध होते. संगणकाला जोडलेल्या पट्टीवर ठिपके उमटत. ते बोटांनी वाचून काका पान तपासत.

गणिताच्या पुस्तकाचं काम सुरू झालं आणि भांडण लागलं.

"इंदू, उत्तरात सातच्या जागी आठ आहे," काका ओरडत.

"माझ्याकडे सातच आहे, काका!"

"मग माझी बोटं खोटी का?"

इंदुताई पान पुन्हा सेव्ह करत. त्याबरोबर काकांनाही सात लागे. व्यवस्थापकांना वाटलं, बाई चूक गुपचूप सुधारतात आणि वर नाही म्हणतात. ते म्हणाले, "चुकीचं एक वेळ चालेल, खोटं चालणार नाही. शनिवारपर्यंत उलगडा झाला नाही, तर दुसरीकडे काम बघा."

संगणकांची व्यवस्था हेरंब नावाच्या अभियंत्याने बसवली होती. संगणकाचा सगळा कारभार चालवणारा जो मूळ प्रोग्राम असतो, त्याला कर्नल म्हणतात. दुसऱ्या संगणकावरची फाइल आणून दाखवणारा कर्नलचा भाग हेरंबने स्वतः लिहिला होता. तो आला. त्याने दहा पानं टाइप केली, सेव्ह केली, काकांकडे जाऊन तपासली. दहाही बरोबर निघाली.

"यंत्रात दोष नाही," तो म्हणाला.

इंदुताई म्हणाल्या, "तुम्ही एक ओळ लिहून दोन घोट चहा घेता. मी तशी काम करत नाही. माझ्या शेजारी बसा आणि बघा."

हेरंबला राग आला, पण तो बसला.

इंदुताईंची बोटं भराभर चालत होती. पान संपताच त्या सेव्ह करत. त्याच क्षणी शेवटच्या अक्षरावर नजर टाकत. चुकलं असेल तर पुसून, नवं टाइप करून पुन्हा सेव्ह करत. हे सगळं एका सेकंदाच्या आत होई. अकराव्या पानावर तसंच झालं आणि पलीकडून काकांची हाक आली, "इंदू, पुन्हा आठ!"

हेरंबने आपलं लिखाण उघडलं. काकांचा संगणक दर वेळी नवं पान आणत नसे. तो आपल्याजवळ एक प्रत ठेवी आणि मोठ्या संगणकाला विचारी, "पान शेवटचं कधी बदललं?" वेळ तीच असली, तर जुनीच प्रत दाखवी. ही वेळ हेरंबने पूर्ण सेकंदांत मोजली होती. एकाच सेकंदात पान दोनदा बदललं, तर दुसरा बदल त्या संगणकाला कळतच नसे.

दुरुस्ती लहान होती. 'तार सैल होती' असं सांगितलं असतं, तरी कोणी विचारलं नसतं. पण हेरंबने व्यवस्थापकांना आणि काकांना इंदुताईंच्या टेबलाशी बोलावलं.

"ताईंचं पान बरोबर होतं. काकांची बोटंही बरोबर होती. चूक कर्नलच्या मी लिहिलेल्या भागात आहे. मी माझ्या वेगाने तपासलं आणि ताईंना खोटं ठरवलं."

"म्हणजे मी हळू काम करायला हवं होतं?" इंदुताईंनी विचारलं.

"नाही, ताई. मी आधी तुमच्या शेजारी बसायला हवं होतं."

व्यवस्थापकांनी मान खाली घातली. काका चाचपडत पुढे आले आणि इंदुताईंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "इंदू, मी तुझ्यावर फार ओरडलो गं."

तात्पर्य: दुसऱ्याला खोटं ठरवण्याआधी त्याचं काम तो करतो तसं पाहावं, आणि चूक आपली निघाली, तर ज्याच्यावर आळ आला त्याच्यासमोरच ती सांगावी.