शांतपणे ओत

"'शांतपणे ओत' म्हणजे नेमकं कसं, बाबा?"

केरबाने विचारलं खरं, पण उत्तर त्याच्याजवळ तयारच होतं. सात वर्षं तो म्हाताऱ्या रखमाजी ओताऱ्यांच्या हाताखाली घंटा ओतायला शिकत होता.

"तूच सांग की."

"न घाबरता. घाई न करता. हात हलू न देता."

रखमाजी हसले. "पाठांतर चोख आहे हो तुझं."

देवीची जत्रा चार दिवसांवर आली होती. देवीच्या घंटेचे दोन साचे तयार होते. एक फसला तर दुसरा हाताशी असावा, ही ओताऱ्यांची रीत. तिसरा करायचा तर पंधरवडा गेला असता.

"पहिला मी ओतणार," केरबा म्हणाला. "तुमचे हात आता कापतात. सगळा गाव म्हणतो."

"खरं तेच म्हणतो. घे."

केरबाने वितळलेल्या काशाने भरलेली मूस सांडशीत उचलली. धार चालू असताना भट्टीपाशी कुणी बोलायचं नसतं. रखमाजी धारेकडे बघत राहिले.

केरबाचा हात दगडासारखा स्थिर होता. धार बारीक, अगदी सुतासारखी. तो मनात म्हणत होता, बघा म्हणावं गावाला...

साच्याच्या तोंडाशी धातू थिजला.

साचा अर्धासुद्धा भरला नव्हता.

"पण मी... मी जराही हललो नाही!"

"नाही हललास. हात आखडलास. बारीक धारेत कासं निवायला कितीसा वेळ!"

दुसरी मूस भट्टीत लालभडक झाली होती. उरलेला साचा एकच.

केरबा मागे सरला. "मला नको, बाबा. हाही गेला तर गावाला तोंड कसं दाखवू?"

रखमाजी उठले. त्यांनी सांडशी धरली. तिची टोकं मुशीवर खटखट वाजू लागली. कपाळावरून घाम निथळत होता. केरबाला बघवेना...

मूस कलली.

धार पडली. जाड, भरगच्च, कुठेही न तुटता. बघता बघता धातू साच्याच्या तोंडापर्यंत चढला आणि काठाशी चमकत राहिला.

रखमाजी मटकन खाली बसले.



"बाबा... तुम्ही तर भ्याला होता. मी बघितलं."

"भ्यालो होतो तर."

"मग?"

रखमाजींनी हात त्याच्या खांद्यावर ठेवला.

"धारेला कळू दिलं नाही."