उतरण्याचा आवाज

गोष्ट फार जुनी नाही. एका तालुक्याच्या गावी निनाद नावाचा एक तरुण प्रशिक्षक मुलींना बास्केटबॉल शिकवीत असे. त्याला हा खेळ ज्यांनी शिकवला ते वृद्ध गुरू निवृत्त होऊन त्याच गावात राहत होते. सारा गाव त्यांना नुसते 'सर' म्हणे.

मुलींची उडी वाढवायचीच, असा निनादने चंग बांधला होता. लाकडी खोक्यावर चढायचे, खाली सिमेंटच्या मैदानावर उडी टाकायची आणि पाय टेकताक्षणी पुन्हा वर झेपावायचे, हा त्याचा रोजचा व्यायाम. मग बोटांना खडू लावून मुली भिंतीशी उडी मारीत आणि बोट लागेल तिथे खूण उमटे. केतकीची खूण सगळ्यांच्या वर होती. तिच्या वडिलांचे कापडाचे मोठे दुकान होते. त्यांनी रंगारी बोलावून त्या खुणेवर लाल ऑइलपेंटने लेकीचे नाव रंगवून घेतले. खडू पुसला जातो ना! उंची मिरवण्याची हौस आपल्याकडे भारी दांडगी.

राज्य संघाची निवड चाचणी तोंडावर आली, तेव्हा निनादने सरांना मुलींच्या उड्या पाहायला बोलावले. सर आले. त्यांनी खुर्ची फिरवली आणि मैदानाकडे पाठ करून, डोळे मिटून बसले. निनादला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"सर, डुलकी लागली की काय?" केतकीचे वडील मोठ्याने हसले. "अहो, पोरगी आभाळाला हात लावतेय, बघा तरी!"

सर जागचे हलले नाहीत. साऱ्या उड्या संपल्यावर उठले आणि निनादला बाजूला घेऊन त्यांनी विचारले, "शेवटी उडी मारली ती कोण?"

"केतकी, सर."

"तिच्या उड्या आजपासून बंद कर."

"सर, तुम्ही तर पाहिलंही नाहीत!"

"उडी बघायला सगळं गाव आहे. मी उतरणं ऐकत होतो. बाकीच्या मुली उतरतात तेव्हा एकच आवाज येतो. हिचे दोन येतात, आधी एक पाय, मग दुसरा. सगळा भार तो एकटा पाय झेलतोय. बाळा, वर जाणं हे बळाचं काम आहे. खाली येणं शिकावं लागतं. तू वर जायला शिकवलंस, आणि खाली काय, आपोआप येतील, म्हणून सोडून दिलंस. हिला खोक्यावरून नुसतं उतरू दे. दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून, आवाज न करता. ते जमलं की मग उडी."

"पण चाचणी, सर?"

"चाचणी पुढच्या वर्षी पुन्हा येईल. गुडघा येत नाही."

निनादला पटले. अगदी मनापासून पटले, हे मुद्दाम सांगतो. कारण न कळून चुकणाऱ्याची मला कीव येते, कळून चुकणाऱ्याचा संताप येतो. तो त्याच संध्याकाळी केतकीच्या घरी गेला आणि तिच्या वडिलांना सारे सांगितले.

"म्हातारचळ लागलाय त्यांना!" ते उसळून म्हणाले. "उतरायला कसलं शिकवायचं? तुम्हाला झेपत नसेल तर सांगा, मी शहरातला कोच बघतो."

निनाद जायला उठला. केतकी दारात उभी राहून सगळे ऐकत होती. तिने विचारले, "सर, मग मी काय करू?"

"उद्या वेळेवर ये," निनाद म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी त्याने तिच्यासाठी पुन्हा तेच खोके मांडले. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग म्हणतात. इथे उतावळे दोन होते आणि गुडघा मात्र तिसरीचा होता.

चाचणीत केतकी सगळ्यांच्या वर गेली. टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या चालू असतानाच ती खाली आली, कोसळली आणि तिला उठता येईना. गुडघ्यातली लिगामेंट तुटली होती. ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी सांगितले, चालेल, पण खेळ विसरा. भिंतीवरचे लाल नाव अजून तसेच आहे. रंग चांगल्या प्रतीचा होता.

निनाद सरांच्या पायाशी बसून रडला. "सर, मला शिक्षा करा."

"माझा गुडघा तुटलेला नाही," सर कोरडेपणाने म्हणाले. "तिच्या घरी जा."

तो गेला. वडिलांनी मान वर केली नाही. केतकी कठड्याला धरून जिना उतरत होती. निनादला बघवेना, त्याने डोळे मिटून घेतले. पायरीवर एक पाय टेकल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळाने, त्याच पायरीवर, दुसरा आला. सरांनी काय ऐकले होते ते आता त्याला स्पष्ट ऐकू आले.

मधेच आवाज थांबला.

"सर," वरून केतकीने विचारले, "आता तरी उतरायला शिकवाल?"

निनादने डोळे उघडले आणि तो जिन्याशी जाऊन उभा राहिला.