निम्मी अवजारे

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याच्या राजाचे नाव आता कुणाला आठवत नाही आणि त्यावाचून कुणाचे काही अडलेलेही नाही. त्या राज्यात एका नदीच्या दोन्ही काठांवर साळ्यांची वस्ती होती. ही माणसे दिवसभर मागावर बसत, लुगडी विणत, आणि सवड मिळाली की आकाशात सोडायचे बाण तयार करत. बाण म्हणजे दारू ठासलेली कागदी नळी आणि तिला बांधलेली लांब काठी. त्यावर कुणाचे पोट नव्हते. ती नुसती हौस होती, आणि माणसे पोटाच्या कामापेक्षा हौसेच्या कामावरून जास्त भांडतात.

त्या वस्तीत एक रीत होती. देवीच्या जत्रेला दिवेलागणीच्या वेळी ज्याने त्याने आपला बाण सोडायचा. त्याची काठी ज्या घरावर किंवा अंगणात पडेल, त्या घरी बाणवाल्याने नारळ घेऊन जायचे. दारात जो उभा असेल त्याने नारळ घ्यायचा आणि आलेल्याला जेवू घालायचे. एरवी दोघे एकमेकांचे तोंड बघत नसले तरी त्या दिवशी ते चालत नसे. या रीतीमुळे कित्येक जुनी भांडणे मिटली होती. काही नवी सुरूही झाली होती, पण ती छपरे जळाल्यामुळे.

नदीच्या अलीकडच्या काठावर एक साळी राहत असे. त्याचा थोरला भाऊ पलीकडच्या काठावर राहत असे. बापाच्या मागे दोघांची वाटणी झाली, तेव्हा माग वाटले, भांडी वाटली, अगदी शेवग्याचे झाडसुद्धा वाटले. शेवटी बापाची बाणाची अवजारे उरली. एक पितळी सळई होती. ती साच्याच्या बैठकीत उभी करायची, तिच्याभोवती कागदी नळी बसवायची आणि पोकळ ठोकण्यांनी दारू ठासायची. मग सळई काढून घेतली की बाणाच्या पोटात सरळ पोकळी राहते आणि त्या पोकळीच्या जोरावर बाण वर जातो. ही अवजारे दोघांनाही हवी होती. कुणी मागे हटेना, तेव्हा पंचांनी डोके खाजवून न्याय केला. सळई थोरल्याला दिली. साचा आणि ठोकण्या धाकट्याला दिल्या. वाटणी अगदी चोख झाली आणि त्या दिवसापासून दोघांपैकी एकालाही बाण करता येईना.

भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. धाकट्याला वाटे, दादाने येऊन ठोकण्या मागाव्यात, आपण लगेच देऊन टाकू. पण दादा आला नाही. वर्षे गेली. धाकट्याला मुलगी झाली, ती चालू लागली, बोलू लागली, आणि पलीकडच्या काठावर आपला काका राहतो हे तिला माहीतही नव्हते. एकदा तिने नदीपलीकडचा धूर पाहून विचारले, तिकडे कोण राहते? धाकट्याने तिला उचलून घरात नेले. त्याला त्या दिवशी फार वाईट वाटले.

मग त्याने मनाशी ठरवले. या जत्रेला असा बाण सोडायचा की तो नेमका दादाच्या अंगणात पडावा. म्हणजे नारळ घेऊन त्याच्या दारी जाता येईल. रीतच आहे म्हटल्यावर आपण नमते घेतले असे कुणी म्हणणार नाही. बायको म्हणाली, "नारळ घ्या, पूल आहे, चालत जा. बाण कशाला हवा मध्ये?" धाकट्याने ते ऐकून न ऐकल्यासारखे केले. त्याला आता फक्त एक सळई विकत घ्यायची होती.

जत्रेच्या आधी राजधानीत मोठा बाजार भरे. साचा आणि ठोकण्या पिशवीत घालून धाकटा तिकडे गेला. अवजारांच्या गल्लीत पहिल्याच दुकानदाराने लोखंडी सळई पुढे केली. दारूच्या कामात लोखंड वापरू नये, ठिणगी पडते, हे बापाने शिकवलेले होते. धाकटा पुढे सरकला. दुसऱ्या दुकानात मखमलीवर मांडलेल्या पितळी सळया होत्या आणि त्यांच्यावर वेलबुट्टी कोरलेली होती. हा दुकानदार भारी गोड बोलणारा होता. या सळईने ठासलेला बाण ढगांना विचारून खाली येतो, असे त्याने सांगितले. ही माझ्या साच्यात बसेल का, असे धाकट्याने विचारले, तेव्हा तो म्हणाला की चांगली सळई कुठेही बसते.

गल्लीच्या टोकाला एक म्हातारी कासारीण बसली होती. तिने धाकट्याच्या ठोकण्या हातात घेतल्या, त्यांच्या भोकांत डोकावून पाहिले आणि साच्याची बैठक बोटाने चाचपली. मग तिने आपल्या सळया लावून पाहिल्या. एक जाड झाली, एक बारीक झाली, एक लांबीला कमी पडली. ती एकही विकेना.

"ही अवजारं एकाच हातानं, एका बैठकीला घडवलेली आहेत, भाऊ," ती म्हणाली. "याची सळई कुठं आहे?"

"नदीपलीकडं," धाकटा म्हणाला.

"मग तुझा बाजार तिकडं आहे. इथं कशाला आलास?" असे म्हणून तिने ठोकण्या परत दिल्या. "कालच एक जण नुसती सळई घेऊन आला होता. त्याला ठोकण्या हव्या होत्या. त्यालाही मी हेच सांगितलं."

आता शहाण्या माणसाला एवढे पुरेसे होते. पण धाकट्याच्या डोक्यात भलतेच शिरले. दादालाही बाण करायचा आहे, म्हणजे तो आपल्यावर कुरघोडी करणार. जत्रेत त्याचा बाण उडाला आणि आपण नुसते बघत बसलो तर काय अब्रू राहील? दादाला बाण कुणासाठी करायचा असेल, हा विचार त्याच्या मनाला शिवला नाही. तो तरातरा मागे गेला आणि मखमलीवरची वेलबुट्टीची सळई घेऊन घरी आला.

घरी सळई साच्यात उभी केली तर ती बैठकीत सैल होती. जरा धक्का लागला की डुलायची. पण साळ्याचा सगळा भरवसा सुतावर. त्याने सळईच्या बुडाला रेशमी दोरा गुंडाळला, घट्ट गुंडाळला, आणि हलवून पाहिले. सळई हलेना. तो खूश झाला. ठोकणीचा घाव बसू लागला तसा तो दोरा हळूहळू दबत गेला आणि सळई एका अंगाला कलली. कागदी नळीच्या आत काय चालले आहे हे बाहेरून कुणाला दिसते? बाण तयार झाला तेव्हा तो दिसायला सुरेख होता. बायकोने एक नारळ आणून ठेवला.

जत्रेची संध्याकाळ झाली. सगळी वस्ती नदीकाठी जमली. धाकट्याने आपला बाण पलीकडच्या काठावर रोखला, वात पेटवली आणि हात जोडले. बाण सूं करून वर गेला. लोक वाहवा म्हणणार एवढ्यात तो वाकला, नदीकडे पाठ फिरवून गिरक्या घेत वस्तीवरून गेला आणि दिसेनासा झाला. मग घरांच्या मागून धूर वर आला. धूर कुणाच्या घरातून येतो आहे हे धाकट्याच्या बायकोला सगळ्यांच्या आधी कळले.

सगळे धावत गेले. बाण धाकट्याच्याच घरावर पडला होता. मागाच्या पडवीचे गवती छप्पर जळून खाली आले होते. माग आणि त्यावर लग्नसराईसाठी लावलेला ताणा जळून गेला होता आणि वेलबुट्टीची सळई ठेवलेली पेटीही राखेत गेली होती. पण बाकीचे घर वाचले होते. कुणीतरी रांजणातले पाणी ओतून, ओल्या घोंगडीने झोडपून आग विझवली होती. तो माणूस दारात उभा होता. त्याच्या मिशा एका बाजूला जळल्या होत्या. तो थोरला भाऊ होता.

गर्दीतल्या एका टवाळाने विचारले, आता नारळ कुणाला देणार, स्वतःलाच का? काही जण हसले. धाकटा मान खाली घालून अंगणात उभा राहिला.

"आण तो नारळ," थोरला म्हणाला. "बाण या घरावर पडलाय आणि दारात मी उभा आहे. रीत आहे ती आहे."

बायकोने नारळ आणून नवऱ्याच्या हातात दिला. दादाच्या दारी न्यायचा म्हणून आणलेला तो नारळ धाकट्याने आपल्याच दारात दादाला दिला. दादाने तो घेतला, बाजूला सरकला आणि धाकट्याला त्याच्याच घरात यायला वाट दिली.

जेवताना थोरल्याने कमरेची पुरचुंडी सोडली. आत बापाची सळई होती.

"कासारीण म्हणाली, तुझा बाजार नदीपलीकडं आहे. म्हणून मी ही घेऊन आलो. घरी कुणी नव्हतं, तर दारात वाट बघत थांबलो," तो म्हणाला. "बाण केलास, म्हणजे सळईसाठी तूही तिच्याकडं गेला असशील. तुलाही ती तेच म्हणाली असेल ना?"

धाकट्याने मान हलवली आणि पानातला घास तसाच ठेवून तो बराच वेळ रडला. त्याच्या मुलीने आईला हळूच विचारले, हा कोण? आईने सांगितले. मुलगी उठून काकाजवळ बसली आणि त्याच्या अर्ध्या मिशीकडे बघत राहिली.

जळलेला माग उभा करायला पुढे वर्ष गेले. तेवढे नुकसान धाकट्याला भोगावे लागले ते उगाचच, नुसता घरी थांबला असता तरी दादा त्याला भेटणारच होता. पुढच्या जत्रेला दोघांनी बापाच्या अवजारांनी एक बाण केला. तो सरळ वर गेला आणि एका खाष्ट तेल्याच्या परड्यात पडला. दोघे भाऊ एक नारळ घेऊन त्याच्या घरी जेवायला गेले.

तात्पर्य: जोडीने घडलेल्या वस्तूचा अर्धा भाग बाजारात मिळत नाही, तो ज्याच्याकडे आहे त्याच्याच दारी जावे लागते.