विहिरीचा यजमान

एका राज्यात माणसं थोडी होती, तहान फार होती आणि वजीर पाच होते. राज्य एवढंसं, की उंटाचं शेपूट उत्तरेच्या वेशीत शिरेतो त्याचं तोंड दक्षिणेच्या वेशीबाहेर पडे. उत्तरेला सुलतान घालिबचं अफाट वाळवंट, दक्षिणेला सुलतान हम्दानचं. तिन्ही सीमा मिळत तिथे एकच विहीर. दोघे सुलतान म्हणत, "विहीर माझी."

एकदा एक मांत्रिक तहानेने व्याकूळ होऊन तिथे आला. उत्तरेचा पहारेकरी म्हणाला, "आधी आमच्या सुलतानाचा हुकूम आण." दक्षिणेचा म्हणाला, "आधी आमच्या." मांत्रिकाने मूठभर वाळू विहिरीत टाकली. पाण्याची वाळू झाली.

"याच विहिरीच्या पाण्याचा कहवा दोघे सुलतान एका किटलीतून पितील, तेव्हा पाणी परतेल," तो म्हणाला. "आणि मध्यस्थाने खाली ठेवलेला प्याला मागणं मंजूर होण्याआधी निवला, तर तो मध्यस्थ मिठाचा होईल."

आता त्या मुलखाची रीत ऐका. पाहुण्याला काही मागायचं असेल तर त्याने कहव्याचा प्याला न पिता समोर ठेवायचा. यजमानाने शब्द दिला, की मग उचलायचा. आधी प्यालात, तर मागणं संपलं.

पाच वजीर सतरा वर्षं दोन्ही दरबारांत शिष्टाईला गेले. प्याला हातात येताच घटाघटा प्याले. वर खजूर खाल्ले. परतून दवंडी पिटली, "बोलणी गोडीगुलाबीने झाली!" इकडे लोक तंबूच्या कनातीवरचं दव चाटून जगत होते.

त्या राज्यात जुमाना नावाची तरणीताठी मुलगी होती, पाणक्याची लेक. वजिरांची शाळा तिने अर्ध्यात सोडली होती. तिथे कुर्निसाचे अकरा प्रकार शिकवत. तोंड उघडायचा एकही नाही.

एके सकाळी ती कोरड्या विहिरीच्या काठावर बसली असता एक पखुर्डी पक्षीण उडत आली आणि बोलली, "ह्या विहिरीचं शेवटचं पाणी माझ्या छातीच्या पिसांत आहे. सतरा वर्षं जपलंय. मागणारा कुणी आला नाही."

"मी मागते," जुमाना म्हणाली.

वजिरांना कळलं तेव्हा ते दाढ्या कुरवाळीत धावले. थोरला म्हणाला, "पोरी, शिष्टाई हे पिकल्या केसांचं काम."

"केस पिकले, काका. काम कच्चंच राहिलं."

"मिठाची होशील!"

"म्हणजे शाप ठाऊक होता. म्हणून पीत होतात!"

पाचही वजिरांना एकदम खोकला आला.

जुमाना उत्तरेला गेली. सुलतान घालिबने प्याला दिला. तिने तो समोर ठेवला. सतरा वर्षांत असं कुणी केलं नव्हतं. कहवा निवू लागला तसं मीठ तिच्या घोट्यांपर्यंत चढलं.

"काय हवं?" सुलतानाने विचारलं.

"उद्या दुपारी विहिरीवर या, हुजूर. फौजेविना."

आपल्या तंबूत पाहुणी मिठाची झाली तर सात पिढ्या थुंकतील, हे घालिब जाणत होता. "येईन," तो म्हणाला. ती प्याली. मीठ झडलं.

मग ती दक्षिणेला गेली. हम्दान हट्टी. मीठ कमरेला आलं तरी तो मिशा पिळीत राहिला.

"घाबरत नाहीस?"

"तहानेने मरण्यापेक्षा मीठ बरं. निदान कुणाच्या भाकरीला लागेन."

हम्दान खदाखदा हसला. "येतो, बये. पी आधी तो कहवा!"

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघे विहिरीवर समोरासमोर बसले. पखुर्डीने छाती झटकली, किटली भरली. जुमानाने कहवा उकळला, आपला प्याला भरून खाली ठेवला आणि ती म्हणाली, "माझं मागणं एकच. दोघांनी प्यावं."

"आधी त्याने," घालिब म्हणाला.

"आधी त्याने," हम्दान म्हणाला.

मीठ कमरेपर्यंत चढलं, छातीपर्यंत चढलं. मागे वजीर कुजबुजले, "आम्ही म्हणत नव्हतो?" मीठ गळ्याशी आलं. प्याल्यावरची वाफ केसाएवढी उरली.

जुमानाने विचारलं, "विहीर कुणाची?"

"माझी!" दोघे एकदम गरजले.

"विहीर ज्याची, तो इथला यजमान. आणि यजमानाच्या दारात पाहुणा तहानलेला बसलाय. ही कुठली रीत?"

घालिबचा चेहरा लाल झाला. त्याने झडप घालून किटली उचलली आणि हम्दानचा प्याला भरला. "पी! माझ्या विहिरीवर कुणी तहानेला राहत नाही!"

हम्दानने किटली हिसकली आणि घालिबचा प्याला भरला. "तूच पी! पाहुणा तू आहेस!"

कुणी मागे हटेना. दोघे एकमेकांकडे डोळे वटारीत एका दमात प्याले.

विहिरीच्या तळातून गुडगुड आवाज आला. वाळू ओली झाली, चिखल झाली, पाणी झाली. पाणी काठाशी आलं. जुमानाच्या अंगावरचं मीठ खळकन गळलं. तिने आपला कोमट प्याला उचलून रिकामा केला.

सुलतानांनी पाणी पाहिलं, मग एकमेकांना पाहिलं. "पहिल्या पोहऱ्यातलं पाणी तुझ्या माणसांना," घालिब म्हणाला. "दुसऱ्यातलं तुझ्या," हम्दान म्हणाला. तेव्हापासून त्या विहिरीवर तंटा झालाच, तर कुणी कुणाला आधी पाजायचं याचा.

पाच वजीर पुढे सरसावले. थोरला घसा खाकरून म्हणाला, "आमच्या सतरा वर्षांच्या मुत्सद्देगिरीचं हे फळ—"

जुमानाने दोर त्याच्या हातात दिला. "काका, शेंदा. लोक तहानले आहेत."

त्यांनी शेंदलं. पखुर्डी काठावर बसून पहिल्यांदा स्वतःसाठी पाणी प्याली. ज्या राज्यात उंट मावत नव्हता, तिथे दोन सुलतान मांडीला मांडी लावून मावले. विहीर भरली तशी तुमची आमची भरो, आणि भरली की आधी दारातल्याला मिळो.