वेणूबाईंचं घड्याळ

तात्यासाहेब इनामदारांना जुन्या घड्याळांचा भारी नाद. दिवाणखान्यात एकवीस टिकटिकत होती, तरी हाती जरा जास्तीचा पैसा आला की बाविसावं खुणावायचं. त्यांच्या पत्नी वेणूबाईंना वेड फुलझाडांचं. यंदा तिजोरीत तसा पैसा पडला, तेव्हा नवं घड्याळ यायच्या आधीच त्यांनी गुलाबाची कलमं मागवून ठेवली; पैसे तेवढे चुकते करायचे होते.

"छंद कसा उपयोगाचा हवा," तात्यासाहेब गुरगुरले. "फुलं बघून वेळ कळते का?"

"मग सांगा ना, आत्ता किती वाजले?"

तात्यासाहेबांनी भिंतीभर नजर फिरवली. प्रत्येक घड्याळाचं म्हणणं वेगळं होतं.

वेणूबाईंनी खिडकीतून अंगणात पाहिलं. "गुलबक्षी उमलायला लागली. पाच वाजले असतील."

तेवढ्यात शाळा सुटल्याची पाचाची घंटा झाली.

वेणूबाईंनी शांतपणे हात पुढे केला. "माझ्या घड्याळाला किल्ली द्यावी लागत नाही. मला तेवढी तिजोरीची द्या."